रक्त दाट, रक्त पातळ : एका शब्दाचा घोटाळा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम संकोचच उत्पन्न झाला. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन पस्तीस वर्षे मुलांस गणित व सामान्य विज्ञान शिकविले, एवढीच आमची विद्या. हृदयरोगावर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, आमचा नव्हे. परंतु हा रोग आमच्या देहाने भोगला आहे, आणि त्या भोगात आमच्याच अज्ञानाने मोठी भर घातली आहे. ज्या चुकीने आमचा घात केला ती आपल्यापैकी आणखी कोणाच्या हातून घडू नये, या एकाच हेतूने आम्ही येथे उभे आहोत. शिक्षकाने आपली चूक फळ्यावर लिहून दाखविली, तर विद्यार्थ्यांस त्या धड्याचा विसर पडत नाही, असा आमचा जुना अनुभव आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रामदैवताच्या देवळाच्या पायऱ्या चढताना आमच्या छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे दडपण येऊ लागले. थांबले की ते जाई. आम्ही ते पित्त समजून महिनाभर आवळासुपारीवर काढला. अखेर चिरंजीवांनी हट्टाने शहरात नेले. तपासणीत असे आढळले की हृदयास रक्त पुरविणाऱ्या एका मुख्य रोहिणीचा मार्ग फार अरुंद झाला आहे. ती रुंद करून आत धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यात आला. घरी परतताना औषधांची चिठ्ठी मिळाली. तीतील दोन गोळ्यांवर बोट ठेवून, या रक्त पातळ करण्याच्या, असे आम्हांस सांगण्यात आले.

पाच महिने आम्ही त्या नियमाने घेतल्या. एके दिवशी दाढी करताना गाल कापला, आणि रक्त बराच वेळ थांबेना. त्याच सुमारास एक दाढ काढावयाची होती. आम्ही विचार केला, की गोळ्या रक्त पातळ करण्यासाठी होत्या, रक्त तर आता पातळ झालेलेच दिसते, मग औषधाचे काम संपले. कोणासही न विचारता आम्ही दोन्ही गोळ्या बंद केल्या. दाढ काढली, रक्त फारसे गेले नाही, आणि आपण शहाणपणाचे काम केले असे आम्हांस वाटले. अकराव्या दिवशी पहाटे छातीत असह्य कळा आल्या. सौभाग्यवतींनी शेजाऱ्यांस हाका मारल्या, पुतण्याने गाडी काढली, आणि आमचे प्राण वाचले. परंतु बसविलेल्या जाळीत रक्ताची गुठळी अडकून हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला. आज एक जिना चढावयाचा तर मध्ये दोनदा उभे राहावे लागते. नातवास खांद्यावर घेऊन जत्रा दाखवावयाची हौस मनातच राहिली.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारले, “गुरुजी, गोळ्या थांबवायला कोणी सांगितलं?” आम्ही म्हणालो, “कोणीही नाही. रक्त पातळ झालं होतं.” ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, या गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही.”

बंधुभगिनींनो, आजचे आमचे सारे व्याख्यान हे या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

प्रथम रक्त म्हणजे काय ते पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते, आणि विसावलेल्या स्थितीत हृदय दर मिनिटाला जवळजवळ तितकेच रक्त पुढे ढकलते. त्यातील सुमारे विसावा भाग, म्हणजे पाव लिटर, हृदय स्वतःच्या पोषणासाठी ठेवते. रक्त ही एकजीव वस्तू नव्हे. त्यातील निम्म्याहून थोडा अधिक भाग पिवळसर रक्तद्रवाचा, आणि बाकीचा जवळजवळ सर्व तांबड्या पेशींचा असतो. एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे ५० लक्ष तांबड्या पेशी असतात.

द्रव पदार्थ वाहताना जो अंतर्गत विरोध करतो त्यास शास्त्रात श्यानता म्हणतात. आपण दाटपणा म्हणू. गुऱ्हाळावर उसाचा रस आणि काकवी दोन्ही ओतून पाहिलेल्या माणसास हा गुण वेगळा समजावून सांगणे नको. रक्तद्रव एकटा पाण्याहून फार दाट नसतो, दुपटीच्या आतच असतो. परंतु पेशींसह संपूर्ण रक्त पाण्याच्या सुमारे चौपट दाट भरते. म्हणजे रक्ताचा दाटपणा मुख्यत्वे त्यातील पेशींच्या गर्दीमुळे येतो.

येथपर्यंत काकवीचा दाखला चालतो, पुढे चालत नाही. काकवी सावकाश ओता की वेगाने ओता, तिचा दाटपणा तोच. रक्ताचे तसे नाही. ते वेगाने वाहते तेव्हा पातळ वागते आणि मंद झाले की दाट होते. याचे कारण असे की मंद प्रवाहात तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींस चिकटतात, आणि त्यांस चिकटविणाऱ्या द्रव्यांत रक्तद्रवातील फायब्रिनोजेन हे प्रथिन प्रमुख आहे. वेग वाढला की या चळती मोडतात, पेशी सुट्या होतात, लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळतात, आणि रक्त सुलभ वाहू लागते. १९३१ साली फॉरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी याहूनही नवलाची गोष्ट दाखवून दिली. मिलिमीटरच्या तीन दशांशांहून बारीक नळ्यांत रक्त अधिकच पातळ वागते. जत्रेच्या रस्त्यात गर्दी मधोमध लोटत जाते आणि कडेने वाट मोकळी राहते, तद्वत् पेशी नळीच्या मध्यातून जातात आणि भिंतीलगत नुसता रक्तद्रव राहून घर्षण कमी करतो. शेवटच्या केशवाहिन्या तर इतक्या सूक्ष्म, की ७ ते ८ मायक्रॉन रुंदीच्या तांबड्या पेशीस पुष्कळदा अंग मुडपूनच त्यांतून जावे लागते. निरोगी पेशी हे लीलया करते. मधुमेह अनेक वर्षे आटोक्याबाहेर राहिला तर पेशींचा हा लवचिकपणा कमी होतो.

आता वाटेचा विचार करू. आम्ही वर्गात मुलांकडून पपईच्या देठांच्या नळ्या आणवीत असू, एक जाड व एक बारीक, आणि एकाच उंचीवरून दोहोंतून पाणी सोडून मोजावयास लावीत असू. मुलांस वाटे की नळी निम्मी तर पाणी निम्मे. प्रत्यक्षात ते फारच कमी भरे. हा नियम फ्रान्समधील प्वाझय नावाच्या डॉक्टराने १८४० च्या सुमारास काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून निश्चित केला. दाब तोच ठेवला, तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. त्रिज्या पाचव्या हिश्शाने घटली तरी प्रवाह शंभराचा एकेचाळीसवर येतो. उलट, नळी तीच ठेवून द्रवाचा दाटपणा पाचव्या हिश्शाने वाढविला, तर प्रवाह शंभराचा त्र्याऐंशीपर्यंतच उतरतो. म्हणजे रक्त दाट होण्यापेक्षा वाट अरुंद होणे हे कितीतरी अधिक घातक होय. जिवंत रोहिणी ही काचेची सरळ नळी नव्हे, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. परंतु दोहोंतील तारतम्य त्यांवरून ध्यानात येते.

येथे आपण विचाराल, की मग वाट अरुंद होत असताना माणसास कळत का नाही? उत्तर असे की शरीर काटकसरी गृहिणीप्रमाणे संकटासाठी काही राखून ठेवते. मोठ्या रोहिणीत अडथळा वाढू लागला की तिच्या पुढील बारीक वाहिन्या आपणहून सैल होतात आणि प्रवाह पूर्ववत् राखतात. यामुळे रोहिणीची रुंदी निम्मी होईपर्यंत श्रमातही बहुधा भागून जाते, आणि बसल्या जागी तर ती आठ-नऊ दशांश बुजेपर्यंत प्रवाहात उणीव येत नाही. निम्म्याच्या पलीकडे गेले की श्रमाच्या वेळी शिल्लक अपुरी पडते. हृदयास चौपट रक्त हवे असते, आणि वाट तितके देऊ शकत नाही. आम्हांस पायऱ्या चढताना दडपण येई व थांबल्यावर जाई, त्याचे मर्म हेच होते. थांबल्याने बरे वाटते म्हणून ते पित्त, हा आमचा तर्क बरोबर उलटा होता. थांबल्याने बरे वाटते, म्हणूनच हृदयाचा संशय घ्यावयास हवा होता.

रोहिणी बुजते कोठे, हेही प्रवाहावरच अवलंबून आहे. पाटाच्या पाण्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांस ठाऊक आहे, की गाळ सरळ वाहत्या पाण्यात बसत नाही. वळणाच्या आतील अंगास, फाटा फुटतो तेथे, पाणी रेंगाळते त्या जागी तो बसतो. रोहिणीचेही तसेच आहे. तिच्या आतील अस्तरास वाहत्या रक्ताचे सततचे घासणे हितकारक असते, त्यामुळे ते निरोगी राहते. जेथे शाखा फुटतात आणि प्रवाह मंद व विस्कळीत होतो, तेथे अस्तर दुबळे पडून चरबीचे थर भिंतीत शिरू लागतात. पाटाचा गाळ वरून साचतो आणि हा थर भिंतीच्या आत वाढतो, इतका फरक मात्र आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान ही या थराची मूळ कारणे. प्रवाह केवळ त्याची जागा ठरवितो.

मग रक्ताच्या दाटपणाचा या रोगाशी काहीच संबंध नाही काय? आहे. हृद्‌रोहिणीचा विकार असलेल्या रुग्णांच्या रक्तात दाटपणा, फायब्रिनोजेन आणि पेशींच्या चळती जमण्याचा कल सरासरीने अधिक आढळतो. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात ५५ ते ७४ वर्षे वयाच्या सुमारे सोळाशे स्त्री-पुरुषांची पाच वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे १९९७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की ज्यांचे रक्त आरंभी अधिक दाट होते त्यांच्यात हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके अधिक आले. परंतु सहवास म्हणजे कारण नव्हे. पाऊस पडताना छत्र्या दिसतात म्हणून छत्रीने पाऊस पडतो असे आपण म्हणत नाही. धूम्रपानाने फायब्रिनोजेन वाढते, आणि त्याच धूम्रपानाने रोहिणीही बिघडते. पुढील संशोधनावरून असे दिसते, की फायब्रिनोजेन हे मूळ कारण असण्यापेक्षा भिंतीत धुमसणाऱ्या दाहाची खूण असावे. तथापि वाट आधीच अरुंद असेल आणि राखीव शिल्लक संपलेली असेल, तेव्हा अडथळ्यापलीकडील मंद प्रवाहात रक्ताचा वाढलेला दाटपणा भार ठरतो, हे युक्तीस धरून आहे.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. वाट अरुंद होणे ही एक गोष्ट, रक्त दाट होणे ही दुसरी, आणि रक्त गोठणे ही तिसरी. आमच्या मनात दुसरी व तिसरी यांची गल्लत झाली होती. गोठण्याच्या कामी रक्तपट्टिका नावाचे अतिसूक्ष्म कण पुढाकार घेतात, ज्यांना दवाखान्यात प्लेटलेट म्हणतात. जखम झाली की ते तेथे धावून एकमेकांस धरतात व भोक बुजवितात. ही देवाची देणगीच होय. परंतु रोहिणीतील चरबीचा थर फुटला, की तेही त्यांस जखमच वाटते. ते तेथे गोळा होतात, गुठळी बनते आणि वाट काही मिनिटांत बंद होते. बहुतेक हृदयविकाराचे झटके असे येतात. नव्याने बसविलेली धातूची जाळीही या कणांस परकी वाटते. तिच्यावर शरीराचे अस्तर चढेपर्यंत काही महिने धोका राहतो.

ॲस्पिरिनची लहान गोळी या कणांचे हात बांधते. ती रक्तात पाणी मिसळत नाही, पेशी कमी करीत नाही, दाटपणास हात लावीत नाही. ती कणांस एकमेकांस धरू देत नाही, एवढेच. ॲस्पिरिनचे हे रहस्य जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली उलगडले, आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. महिनाभर ॲस्पिरिन दिल्याने पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू शेकडा २३ ने कमी झाले. इतक्या स्वस्त गोळीचा एवढा मोठा उपकार क्वचितच पाहावयास मिळतो. आमची दुसरी गोळीही याच कणांवर, निराळ्या मार्गाने, काम करणारी होती.

आता एक साधे गणित. रक्तपट्टिकेचे आयुष्य सुमारे आठ ते दहा दिवसांचे. गोळीने ज्यांचे हात बांधले ते जन्मभर बांधलेलेच राहतात. परंतु शरीर दररोज जवळजवळ दहावा हिस्सा नवे कण तयार करते, आणि त्यांचे हात मोकळे असतात. म्हणून गोळी रोज घ्यावी लागते. ती बंद केली, तर दहा दिवसांत सारे सैन्य नवे होते. आमची जाळी जेमतेम पाच महिन्यांची होती, आणि झटका आला तो अकराव्या दिवशी. पस्तीस वर्षे त्रैराशिक शिकविणाऱ्या शिक्षकास हे उदाहरण सोडविता आले नाही, कारण पहिल्याच ओळीतील एका शब्दाचा अर्थ त्याने चुकीचा लावला होता.

यात दोष कोणास द्यावा? “रक्त पातळ करणारी” हा शब्द सर्वांच्याच तोंडी आहे. दवाखान्यात गर्दी असते, चिठ्ठी इंग्रजीत असते. परंतु आम्हांस तोंड होते, आणि विचारणे आमचे काम होते. वर्गात शंका न विचारणाऱ्या मुलास आम्ही उभे करीत असू. येथे आम्हीच विचारले नाही.

यास्तव आपणांस काही गोष्टी कळकळीने सांगावयाच्या आहेत. स्टेंट बसविलेल्या माणसाने या गोळ्या आपल्या मनाने कधीही थांबवू नयेत. दात काढण्यासारख्या लहान कामासाठी त्या बहुधा थांबवाव्याच लागत नाहीत, दंतवैद्य जागच्या जागी उपाय करून रक्त थांबवितात. मोठी शस्त्रक्रिया असेल तर हृदयाचे डॉक्टर काय ते ठरवितात. दोहोंपैकी कोणती गोळी किती महिने घ्यावयाची, हेही त्यांनीच सांगावयाचे. रक्तस्राव फार झाला, शौचास काळे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उलटपक्षी, ज्यांस हा विकार नाही त्यांनी शेजाऱ्याचे पाहून ॲस्पिरिन सुरू करू नये. तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

गरम पाण्याने किंवा लसणीच्या पाकळ्यांनी रोहिणी मोकळी होते, असे आपल्या घरोघर सांगितले जाते. लसूण भाजीत जरूर घालावी, परंतु गोळीच्या जागी तिला बसवू नये. उन्हात काम करणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे, कारण शरीर सुकले की रक्तात पेशींची गर्दी वाढते. मात्र ज्यांचे हृदय आमच्यासारखे दुबळे झाले आहे, त्यांस पाणीही मापून प्यावे लागते. विडी-सिगारेट ज्या दिवशी सुटेल तो सुदिन समजावा. छातीत दडपण येऊन ते विसाव्यानेही गेले नाही, तर पित्ताची वाट पाहू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. हा क्रमांक घरातील लहान मुलांसही पाठ करवावा.

शेवटी संस्थेस एक विनंती. आपला वैद्यकीय साहाय्य निधी आजवर शस्त्रक्रियेच्या खर्चास हातभार लावीत आला आहे, ही भूषणाची गोष्ट होय. परंतु शस्त्रक्रियेनंतर पुढच्या औषधास पैसे नाहीत म्हणून गोळ्या अर्ध्यावर टाकणारी कुटुंबेही आपल्यात आहेत. त्यांस निधीतून दरमहा थोडे साहाय्य मिळावे. तसेच आपल्या ज्ञातीतील डॉक्टर मंडळींनी वर्षातून एक दिवस बसून, प्रत्येक रुग्णाच्या गोळ्यांची यादी मराठीत लिहून द्यावी : गोळी कशासाठी, किती दिवस, आणि थांबविल्यास काय होईल. या तीन ओळी आमच्या हाती असत्या, तर आज आम्ही हे व्याख्यान खुर्चीत बसून देण्याऐवजी उभे राहून पुरे केले असते.

चिटणीसांनी मघाशी आमच्यामागे खुर्ची आणून ठेवली, ती आपण पाहिलीच. आरंभी उभे आहोत म्हणालो खरे, परंतु निम्म्या व्याख्यानात तिचा आश्रय घ्यावा लागला. आमची चूक आमच्यापुरती झाली, तिची भरपाई नाही. परंतु आज घरी गेल्यावर आपल्यापैकी एकाने जरी वडिलांच्या गोळ्यांची डबी उघडून, “आबा, आजची घेतलीत ना?” असे विचारले, तर आमच्या उरलेल्या हृदयाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

— एक सेवानिवृत्त शिक्षक